दांड्यावरचं पिल्लू

कच्च.

पाण्याखालीही कात्री वाजते, हे तिला आजच कळलं. भरदुपारी घर चिडीचूप होतं. कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीत तसाच ठेवून तिने दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

नवऱ्याच्या टाकीत हात घालायची घरात कुणाला मुभा नव्हती. त्याला आतलं पानन् पान पाठ होतं. मधल्या मोठ्या झाडाने एक लांब दांडा सोडला होता आणि त्याच्या गाठीगाठीला पिल्लं धरली होती. इवली हिरवी पानं, खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं. आतल्या खोलीत बॅग भरून तयार होती. तिचा भाऊ कोपऱ्यावर गाडी घेऊन थांबला होता. संध्याकाळी नवरा येईल तेव्हा घरात कुणी नसेल, असं ठरलं होतं. आणि ही इथे कात्री घेऊन उभी! पण बाहुली नको, सायकल नको, सगळं सोडून जाताना पोरीने मागून मागून मागितलं होतं काय, तर हे एक पिल्लू.

"आई, मास्तर बघतायत," लेक कुजबुजली. मिशा फेंदारून तळाशी बसणाऱ्या माशाला ती मास्तर म्हणायची. "बाबांना सांगतील?"

"मासे कुठे चुगल्या करतात, वेडे! बरणी धर नीट. आणि जा, बूट घाल."

पिल्लू बरणीत उतरलं. लेक आत पळाली.

कुलपात किल्ली फिरली.

तो आत आला. बगलेत कसलंसं खोकं. त्याने ओली फरशी पाहिली, तरंगणारा तुटका दांडा पाहिला, तिची वर सरकवलेली बाही पाहिली. एरवी घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकलेला मनगटावरचा त्याच्या बोटांचा वळ आज उघडा होता, पिवळा पडत आलेला. त्यावरून त्याची नजर सरळ पुढे गेली, शेजाऱ्याच्या भिंतीवरून जावी तशी.

त्याने नखाने काचेवर टिचकी मारली. टक. टक. या आवाजाला जेवतानासुद्धा लेकीचा घास तोंडात थांबायचा.

"कुणी कापलं?"

"मी." तिने कात्री खाली ठेवली. "मुळं आली होती... चांगली दोन बोटं."

तो वाकला. दांडा चिमटीत धरून निरखत राहिला. पंपाची गुरगुर तेवढी चालू होती. सवयीने तिने दारापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मग आतल्या खोलीपासूनचं.

"छान कापलंयस की," तो म्हणाला. "गाठीच्या दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, तुला काही हे जमायचं नाही."

आणि हसला. खोकं उघडून त्याने काचेची एक छोटी टाकी बाहेर काढली. "पोरीसाठी. रोज माझ्या टाकीपुढे नाक लावून बसते. म्हटलं, तिची स्वतःची असू दे. अर्धी रजाच टाकली आज."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणं तिला पाठ होतं. इतकी वर्षं तिला इथे बांधून ठेवलं होतं ते या अशा दिवसांनी.

"लावताना मुळं तेवढी वाळूत घालायची," तो समजावत होता. "गाभा वरच ठेवायचा. पुरला की कुजतो. आण, कुठे आहे ते?"

बॅग रिकामी करायला कितीसा वेळ लागतो? कपडे कपाटात जातील. भावाला सांगता येईल, तू जा. चहा टाकता येईल. तिचं तिलाच ऐकू आलं, "आणते हं."

पण लेकच बाहेर आली. पायांत बूट, पाठीला दप्तर, दोन्ही हातांत धरलेली बरणी. तिने नवी टाकी पाहिली. बाबांचा हसरा चेहरा पाहिला. तिचाही चेहरा फुलला. मग तिने बरणी आईपुढे उंच धरली.

"आई, मामाकडे राहायला गेल्यावर नाही करमलं, तर हे परत दांड्याला चिकटवता येतं का गं?"