लेबलावरचे घर

निवृत्त ड्राफ्ट्समनने फ्रेंच लिक्यूरची नवी बाटली संग्रहाच्या कपाटात ठेवण्याआधी बायकोच्या हाती दिली. दोघांना पिण्यापेक्षा लेबलांचेच वेड. त्यांवर उठावाने छापलेल्या द्राक्षमळ्यांतल्या घरांपैकी एकात चार दिवस राहायचे, हे लग्नापासूनचे स्वप्न. ते राहून गेले आणि आता तिची दृष्टीही गेली. “अहो, घर कसं आहे?” तिने विचारले. या लेबलावर घर नव्हते, नुसती अक्षरे होती. मोजमापाविना आयुष्यात एक रेघही न ओढलेला तो सांगू लागला. “दगडी आहे. उतरतं छप्पर, निळ्या खिडक्या.” “आणि ओसरी?” “आहे की. पायऱ्या चढलं की लगेच.” तिची बोटे लेबलाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सावकाश फिरली; त्यांना घर कुठेच लागले नाही. ती गालातल्या गालात हसली. “पायऱ्या तीनच काढा हं,” ती म्हणाली, “माझे गुडघे आता ऐकत नाहीत.”