डावी नळी

डाव्या नळीचा स्क्रू उघडायला मिस्त्रीचा हात धजेना. उजवीचा त्याने केव्हाच उघडला होता. तिच्यातलं एकोणीस वर्षांचं तेल काळं, चिकट, कुजकट वासाचं. डब्यात ओघळायलाच दहा मिनिटं लागली. आता डावी. तो उगाचच पाना पुसत बसला.

गाडी त्याच्या दादाची होती, चिखल आणि डोंगर तुडवायची जुनी शर्यतीची मोटरसायकल. दादा समोर खुर्चीत बसला होता, काठी मांडीवर आडवी. अपघातानंतर गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. कितीतरी शौकीन येऊन गेले, पण कुणी नुसतं उघडून बघू का विचारलं तरी दादा अंगावर जायचा. आता मात्र त्याच्या लेकीने ती चालवायचा हट्ट धरला, आणि दादाने धाकट्या भावाला घरीच बोलावलं. पुढचे फोर्क तूच खोल, म्हणाला.

मिस्त्रीची कामाची एक रीत होती. पुढच्या चाकाचे धक्के तेलावर झेलणाऱ्या फोर्कच्या नळ्या दोन, म्हणून तेल आधीच मोजून दोन बाटल्यांत भरून ठेवायचं. बाटल्या रिकाम्या झाल्या की काम झालं, विसरायची सोयच नाही. अपघात झाला त्या शर्यतीच्या सकाळी मिस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड होती, आणि गाडीचं तेल लवकर बदल म्हणून दादा घाई करत डोक्यावर उभा. दुपारी बातमी आली. उंचवट्यावरून उतरताना पुढचं चाक आदळलं, दादा फेकला गेला, गुडघ्याचा चुरा झाला. मिस्त्री दुकान बंद करायला धावला, तर चिंध्यांच्या डब्यामागे एक बाटली उभी. काठोकाठ भरलेली.

ती त्याने मोरीत ओतली आणि तोंडाला कुलूप लावलं. दादा आपला चारचौघांत रंगवून सांगायचा की, शेखी मिरवायला गेलो आणि तोंडघशी पडलो. सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचा, आणि घरी आल्यावर वाढलेलं ताट तसंच बाजूला सारायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. याच्या मनात तर एकोणीस वर्षं रोज पौर्णिमाच होती.

आतून वहिनींची कुरकुर ऐकू येत होती. त्या शिवणकाम करायच्या. मशीनच्या तेलाची मोठी बाटली परवाच आणली होती, ती गेली कुठे, यावरून सकाळपासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. दादा तिकडे लक्षच देत नव्हता. तो क्षणभर आत गेला असता, तर उजव्या नळीतलं काळं तेल डावीखालच्या डब्यात ओतता आलं असतं, असं पाप मिस्त्रीच्या मनात येऊन गेलं. पण दादा हलला नाही.

"उघड की," तो म्हणाला.

स्क्रू फिरला. मिस्त्रीने डोळेच मिटून घेतले. आणि डब्यात धार वाजली. चांगली भरघोस धार. म्हणजे आपण तेल भरलं होतं? मग ती बाटली कशाची होती? छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं. त्याने डब्यात बोट बुडवलं.

तेल पाण्यासारखं नितळ होतं. त्याने बोट नाकाशी नेलं. हा वास गाडीचा नव्हता, वहिनींच्या शिलाई मशीनचा होता. त्याने वर पाहिलं. डाव्या नळीच्या झाकणावर पाना घसरल्याचे चरे होते, चकचकीत, कालचेच.

"बघ," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "दोन्हीकडे होतं. पडलो तो माझ्याच मस्तीने."

नुसती मान हलवली असती तरी सगळं तिथेच मिटलं असतं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"दादा, एक बाटली दुकानातच राहिली होती. भरलेली."

दादाने काठी जमिनीला टेकवली आणि तिच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"पहिल्याच उडीला कळलं होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."