आधीचं दुखणं

दारावर धडका बसल्या त्या हाताच्या नव्हत्या, बुटाच्या होत्या. व्हर्नाने दार उघडलं तर समोर मार्लिस बाके. काचेचं भांडं दोन्ही मनगटांवर पेलून तिने छातीशी धरलं होतं.

"ओरिनचं कळलं," ती म्हणाली. "हॉटडिश आणलीय. खिमा आणि बटाटेच आहेत, विशेष काही नाही."

आजाऱ्याच्या घरी हॉटडिश न्यायची रीत मिनेसोटात कुणी मोडत नाही. पण मार्लिस टर्कीच्या कारखान्याच्या कचेरीत होती आणि आजारपणाच्या पगाराचे अर्ज तिच्याच टेबलावरून पुढे जात. व्हर्नाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भांड्याच्या बुडाला मार्लिसच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती. म्हणजे भांडं न्यायच्या निमित्ताने बाई पुन्हा येणार.

व्हर्नाचा नवरा ओरिन खिडकीजवळ बसला होता, उजवा हात गळ्यात अडकवून. कारखान्याच्या शीतगृहात खोकी उचलताना त्याचा खांदा कामातून गेला, असं अर्जात लिहिलं होतं. ते खरंच होतं. मात्र खांदा दुखायला लागला होता त्याआधीच, आणि कारखान्यात लागायच्या दोनच आठवडे आधी त्याने तो शेजारच्या काउंटीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरला दाखवला होता. रोख पैसे देऊन. नोकरीला वर्ष व्हायच्या आत कुणी आजारपणाचा पगार मागितला आणि तेच दुखणं त्याने नोकरीच्या तोंडावर डॉक्टरला दाखवलेलं निघालं, तर कंपनी एक सेंटही देत नसे. ओरिनला वर्ष व्हायला अजून अवकाश होता. घराचा हप्ता त्या पैशांवर चालला होता.

"कॉफी घ्या," व्हर्ना म्हणाली.

"नको, उगाच कशाला."

"तयारच आहे."

"खरंच नको."

"अर्धा कप तरी."

तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं, ही इथली रीत. तोवरचे नकार कुणी मोजत नाही. मार्लिसने तिसऱ्यांदाही नकारार्थी मान हलवली. कोट काढला नाही की लोकरी हातमोजे काढले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून राहिली, घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी. ज्याच्या पोटात पाप असतं त्याच्या घशाखाली कॉफी कशी उतरेल, असं व्हर्नाला वाटलं, आणि तिने तो कप स्वतःच्याच पुढ्यात ओढला.

"रात्री झोप लागते का?" मार्लिसने ओरिनला विचारलं.

"कूस बदलली की कळ येते."

"आणि सकाळी? सकाळी जास्त आखडतो का?"

"सकाळी तर—"

"शीतगृहात झालं ते," व्हर्ना मध्येच म्हणाली. "अर्जात लिहिलंय सगळं."

"हो, वाचलंय मी." मार्लिसने हात मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाली, "मीही तुमच्याच मागोमाग कंपनीत लागले. त्याआधी कोटांच्या कारखान्यात होते, शिवणयंत्रावर. एवढी वर्षं."

व्हर्नाला ही साखरपेरणी वाटली. स्वतःचं दोन शब्द सांगायचं आणि दुसऱ्याला बोलतं करायचं.

"ओरिन," मार्लिसचा आवाज खाली आला, "आमच्याकडे यायच्या आधी कधी दुखायचा का हो? थोडासा?"

ओरिनने बायकोकडे पाहिलं.

"कधीच नाही," व्हर्ना म्हणाली.

"नाही, म्हणजे एखाद्याने लांब कुठेतरी डॉक्टरला दाखवलं असेल, रोख पैसे देऊन. तर ते कंपनीला कळतं का? तुम्ही ऐकलंय का कुणाकडून?"

व्हर्नाने कप बशीवर ठेवला. हिला सगळं माहीत आहे. म्हातारा डॉक्टरच कुठे बरळला असणार.

"अर्ज तुम्ही बघता, मार्लिसबाई," ती म्हणाली, "आणि विचारता आम्हाला? आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आम्ही सरळ माणसं."

मार्लिसचं तोंड उतरलं. "आधीचं दुखणं होतं का, हो की नाही, एवढंच मी अर्जात बघते," ती म्हणाली. "कुणाला विचारता येत नाही तिथे." मग ती उठली. इथली माणसं निरोप घेताना दारात अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारतात. तिने तेही केलं नाही. भांड्याची घाई नाही, एवढं म्हणाली आणि गेली.

"बघितलंस?" व्हर्ना म्हणाली. "पोटातलं काढायला आली होती."

 ओरिन खिडकीतून बघत होता. बाहेर मार्लिसच्या गाडीचं दार थंडीने गोठून बसलं होतं. असल्या दाराला एक हिसका द्यावा लागतो, गावातल्या शेंबड्या पोरांनाही ते जमतं. मार्लिसने दाताने हातमोजा ओढून काढला. तिची बोटं आत वळलेली होती आणि सांधे सुजून लाल झाले होते. दाराच्या मुठीत बोटं अडकवायला गेली आणि हात झटकून तिने तो काखेत दाबून धरला. थोड्या वेळाने दोन्ही मनगटं मुठीत खुपसून तिने अंगाचा भार मागे टाकला. दार हललं नाही.

ओरिन उठला. "जाऊन एक हिसका देतो."

व्हर्नाने त्याची बाही धरली. "कुठल्या हाताने?"

"डाव्या हाताने देतो. अगं, ती आपलं काढून घ्यायला आली नव्हती. स्वतःच्याच बोटांचं विचारत होती."

"कळलं मला," व्हर्ना म्हणाली.  "पण तुला दार ओढताना बघून उद्या सकाळी ती त्याच अर्जांच्या टेबलाशी बसणार आहे."

बाहेर मार्लिसने पुन्हा मनगटं खुपसली. व्हर्ना ते बघत राहिली. बाही तिने सोडली नाही.