अंगाईचा अर्थ

मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई निमंत्रण घेऊन स्वतः घरी आल्या. गावात 'अनेक भाषा, एक गाव' नावाचा मेळावा होता.

"तुमच्या सासूबाईंनी तुमच्या भाषेत अंगाई म्हणायची आणि नातीने माईकवर अर्थ सांगायचा. किती गोड दिसेल!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सासूबाई म्हणतील, पण लेकीला अर्थ कळत नाही," मी म्हणाले. "ती पहिलीत असताना तुम्हीच मला बोलावून बजावलंत, घरात ती भाषा बंद करा, नाहीतर पोरगी मागे पडेल. मीही मुकाट्याने ऐकलं. सासूबाईंना दुसरी भाषा येत नाही. सहा वर्षं झाली, आजी-नात एकाच खोलीत झोपतात आणि एकमेकींशी खाणाखुणांनी बोलतात."

मला वाटलं, आता तरी ही बाई चूक कबूल करेल.



त्यांनी हातातल्या यादीवर एक काट मारली आणि म्हणाल्या, "मग अर्थ राहू द्या. आजींना नुसतं गाऊ द्या. ऐकणाऱ्यांना तरी कुठे काय कळणार आहे!"