करंडीचं झाकण
अगं ऐका ना, मला मागणी घालायला शहरातून बुनथन आज पहिल्यांदा घरी आला! आईने त्याला थेट चुलीपाशीच नेलं. "शहरात कुकर असतो म्हणे. आमचा चिकट भात हात न लावता टोपलीतच उलटवून दाखव." त्याने वाफाळती बांबूची टोपली धरून एक झटका दिला, आणि अर्धा भात राखेत! "वा, कोंबड्यांची सोय झाली," आई म्हणाली. मला तर रडूच आलं. तो मात्र हसत म्हणाला, "मावशी, कोंबड्या तरी खूश!" जेवण झाल्यावर भाताच्या करंडीचं झाकण उघडं राहिलं की जोडी मोडते, असं आपल्याकडे म्हणतात ना? मागच्या स्थळाच्या वेळी आईने ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं! आज तिने झाकण उचललं, घट्ट बसवलं, वर थापटलंसुद्धा आणि बुनथनवर खेकसली, "बघतोस काय नुसता? ऊठ, उद्याचे तांदूळ भिजत घाल!"