चोवीस तास लक्ष

मुलगा कितीही लांब गेला तरी त्याचं लक्ष आईवडिलांवरच असतं. मयूरनं तर बंगळुरूला जाताना देवळ्याच्या घरात, टीव्हीच्या वर, कॅमेराच बसवून दिला. मोबाईलवर सगळं दिसतं म्हणाला. सुरुवातीला त्याची आई लंकाबाई जेवायला बसतानाही पदर सारखा करायची आणि भिंतीकडे बघून विचारायची, "तू जेवला का रे?"

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. त्याच्या वडिलांनी, नानांनी, स्पीकरवर टाकला.

"या वेळीही सुट्टी नाही, नाना. पण मी रोज बघतो ना तुम्हाला. आज सकाळीच बघितलं. आई जरा बारीक झाल्यासारखी वाटली. आणि तुम्ही नुसते पडून असता. थोडं हिंडत-फिरत जा."

"बरं," नाना म्हणाले.

फोन बंद होईपर्यंत लंकाबाईनं तोंडाला पदर लावून धरला होता.

"सांगा की त्याला एकदाचं."

"कशाला? रोज बघतो म्हणतंय पोरगं. लय गुणाचं हाय. बघू दे."



कॅमेरा एप्रिलपासून घरामागच्या साठवणीच्या चाळीत, कांद्यांवर होता.