डाउनबाई

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, आणि त्यात नियमच असा होता, की चेंडू घेऊन पडलेला गडी स्वतःच्या तोंडाने ‘डाउन’, म्हणजे ‘पडलो, थांबा’, म्हणेपर्यंत समोरच्यांनी त्याच्या अंगावर चढत राहायचं. गेल्या वर्षी एझरा पडल्या पडल्या ‘डाउन’ म्हणाला, आणि समोरच्या संघातल्या, शेजारच्याच हार्लो कॉलेजच्या पोरांनी त्याला वर्षभर ‘डाउनबाई’ म्हणून पिडलं. यंदा हार्लोविरुद्ध जीव गेला तरी ‘डाउन’ म्हणायचं नाही, असं ठरवूनच तो मैदानात उतरला होता.

चेंडू घेऊन पळताना तो चिखलात पालथा पडला. पाठीवर पहिला आदळला तो हार्लोचा कप्तान थॅडियस. ‘डाउनबाई’ हे नाव ठेवणाराही तोच. त्याच्यावर मग त्याचे सगळे गडी.

“म्हण की, डाउनबाई!” थॅडियस कानात ओरडला.

एझराने दात आवळले. वरचं ओझं वाढतच गेलं. आता म्हणावंसं वाटलं, तर छातीत श्वासच उरला नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली.

“डाउन!” कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. शिट्टी वाजली, ढीग उतरला.

एझरा धापा टाकत उठून बसला. “मी नाही म्हणालो!”

“मी म्हणालो,” सगळ्यांदेखत थॅडियस म्हणाला, आणि एझराला उठवायला त्याने हात पुढे केला.

एझराने तो हात घट्ट धरला. “मग आता वर्षभर डाउनबाई तू, लेका!”